उतार पडला का?

आत्याला ऐकू कमी येतं. पण जेवढं येतं, त्याचा ती पुरेपूर उपयोग करते. मी फोनवर ओरडून सांगितलं, "रविवारी सकाळी घाटावर जायचंय, म्हणून शनिवारीच साताऱ्याला चाललोय." पलीकडून क्षणभर काहीच नाही. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "कोण गेलं रे?"

दोष तिचा नव्हता. पितृपंधरवडा चालू होता, आणि त्या दिवसांत माणूस सकाळी सकाळी घाटावर कशाला जातो, हे ऐंशी ओलांडलेल्या बाईला सांगावं लागत नाही. "कुणी गेलं नाही, आत्या. मॅरेथॉन आहे. यवतेश्वरच्या घाटात. मी पळणार आहे." हे ऐकून तिला हायसं वाटेल अशी माझी समजूत.

"म्हणजे अजून कुणी गेलेलं नाही," ती म्हणाली. 'अजून'वर जरा जास्तच जोर होता.

माझं वय चोपन्न. हाडांच्या डॉक्टरांनी आदल्याच वर्षी माझा गुडघा हातात घेऊन 'उतारवय' हा शब्द पहिल्यांदा माझ्या देखत वापरला होता. अशा माणसाने घाट चढायला का जावं? तर साडूमुळे. पुरुषाला नम्र ठेवण्यासाठी आपल्याकडे जी नाती आहेत, त्यांत साडूइतकं गुणकारी दुसरं नाही. दोन बहिणी बोलत बसतात आणि दोन पुरुषांची मापं आपोआप निघत राहतात. माझा साडू साताऱ्याचा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, अंगाने चिंचेच्या फोकासारखा, आणि ही शर्यत सहा वेळा पळालेला. दर वर्षी मेहुणी त्याच्या पदकाचा फोटो आमच्या हिला पाठवते. ही तो मला दाखवते. बोलत काही नाही. बोटांनी मोठा करून दाखवते.

त्या उन्हाळ्यात साडूचा निरोप आला. "राव, तुमचं नाव घातलंय. पैसे भरलेत. परत मिळत नाहीत." शेवटचं वाक्य त्याने विचार करून लिहिलेलं असणार. पैसे परत मिळत नाहीत म्हटल्यावर पुण्याचा माणूस सलाईन हातात धरूनसुद्धा पळेल.

साताऱ्याची ही हिल मॅरेथॉन २०१२ पासून होते. गावातून निघायचं, समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने थोडं पुढे जाऊन मागे फिरायचं आणि आल्या वाटेने खाली यायचं. २०१५ साली इथल्या २,६१८ जणांची गिनेस बुकात नोंद झाली. एकाच डोंगरी शर्यतीत इतकी माणसं तोवर कुणी पळवली नव्हती. 'पळवली' हे क्रियापद मी मुद्दाम वापरतोय.

लोक मॅरेथॉन म्हणतात, पण अंतर अर्ध्या मॅरेथॉनचं, तेरा मैल आणि वर शेपूट. या शेपटाची कथा साडूनेच मला सांगितली. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकात शर्यत विंडसर राजवाड्याच्या आवारातून सुटावी आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपावी, अशी सोय पाहताना अंतर सव्वीस मैल आणि ३८५ यार्ड भरलं. १९२१ साली तेच कायमचं ठरलं. त्या शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांच्या आधी स्टेडियममध्ये शिरला, उलट्या दिशेने वळला, पुन्हा पुन्हा पडला आणि पंचांनी हात दिला म्हणून बाद झाला. मी मात्र कथेतला हिशेबच तेवढा लक्षात ठेवला. ३८५ यार्डांचे निम्मे म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे मीटर. छत्रपती शाहूंच्या राजधानीत मी पावणेदोनशे मीटर इंग्लंडच्या राजघराण्याच्या सोयीसाठी पळणार होतो.

तयारी बुटांपासून सुरू झाली. डेक्कनच्या एका दुकानात मला एका पट्ट्यावर पळायला लावून माझ्या पावलांचं चित्रण केलं. पोरगा पडद्याकडे बघत गंभीरपणे म्हणाला, "काका, तुम्ही ओव्हरप्रोनेट करता." आई हेच चाळीस वर्षांपूर्वी म्हणाली होती, "पाय टाकतोस कसे, चपला आतल्या बाजूनेच कशा झिजतात मेल्या!" तिने फी घेतली नव्हती. इथे साडेअकरा हजार झाले.

बूट घेऊन बाहेर पडलो तर समोर डेक्कन जिमखाना. शंभरेक वर्षांपूर्वी दोराबजी टाटा या संस्थेचे अध्यक्ष असताना त्यांनी इथल्या लांब पल्ल्याच्या शर्यती पाहिल्या. पळणारे बहुतेक खेड्यापाड्यांतले शेतकरी, पायांत काही नाही, आणि वेळा मात्र युरोपातल्या धावपटूंच्या शेजारी मांडाव्यात अशा. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपला चमू गेला, आणि बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि रस्ता ओलांडला.

पुढचे चार महिने मी पर्वतीच्या पायऱ्या चढलो, तळजाईला चकरा मारल्या आणि सिंहगड दोनदा केला. चढाचा मी कसून सराव केला. उतरताना दर वेळी मी चालतच आलो, कारण उतार काय, तो आपोआप होतो. या एका समजुतीवर पुढचा सगळा लेख उभा आहे.

शनिवारी दुपारी साताऱ्यात पोचलो. योगायोग असा की त्याच दिवशी साडूच्या वडिलांची तिथी होती. धावणारी मंडळी शर्यतीच्या आदल्या दिवशी 'कार्ब लोडिंग' करतात, म्हणजे भात, बटाटा, पास्ता असलं खाऊन अंगात इंधन भरून घेतात. मेहुणीने पानात भात वाढला, त्यावर वरण-तूप, मग भरड्याचे वडे, अळूचं फदफदं, कढी, आमसुलाची चटणी आणि गव्हल्यांची खीर. साडू दोन मुदी भात खाऊन उठला. त्याचं खाणं मोजलेलं असतं. मला मात्र आग्रह झाला, आणि श्राद्धाच्या पानावरून नको म्हणून उठू नये, असं माझ्यावरचे संस्कार सांगतात. वडे अकरा झाले. अकरावा मी पूर्वजांसाठी खाल्ला.

त्याआधी गच्चीवर एक नाट्य झालं होतं. पान ठेवून आम्ही सगळे पाणी प्यायच्याही आधी कावळ्याची वाट बघत उभे. कावळा आला, पाण्याच्या टाकीवर बसला, वड्याकडे बघितलं आणि बसून राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मेहुणी हात जोडून म्हणाली, "मामंजी, नातवाच्या शिक्षणाचं बघू आम्ही." कावळा ढिम्म. साडू म्हणाला, "नाना, गावाकडची जमीन विकणार नाही." नाही. मग मेहुणीने माझ्याकडे बघितलं आणि पुटपुटली, "नाना, उद्या यांना सांभाळून आणू." कावळा उडाला, वडा उचलला आणि गेला. घरात सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं.

रविवारी पहाटे मैदानावर हजारो माणसं. छातीवर क्रमांक, तो लावायला चार टाचण्या. सेफ्टी पिनने स्वतःला टोचून न घेता क्रमांक सरळ लावणं ही या खेळातली पहिली कसोटी. मी त्यात नापास झालो. आजूबाजूची तरणी मंडळी पाय झटकत होती, मनगटावरची घड्याळं आकाशाकडे धरून उपग्रह शोधत होती. माझ्या मनगटावर बँकेने सेवेच्या पंचवीस वर्षांनिमित्त दिलेलं घड्याळ. त्याला उपग्रह लागत नाही. साडू पुढच्या रांगेत निघून गेला. जाताना म्हणाला, "राव, एकच सांगतो. चढावर जीव खर्च करू नका." मला वाटलं, हा मला घाबरवतोय.

गावातून पळताना माझ्यासारखा सुखी माणूस नव्हता. रस्त्याच्या दुतर्फा माणसं, शाळेची लेझीम, ताशा, गॅलरीतून हात हलवणाऱ्या आज्या. एका पोराने टाळीसाठी हात पुढे केला आणि ओरडला, "चला दादा!" दादा! चोपन्नाव्या वर्षी! मी वेग वाढवला. खरं तर या जिल्ह्यात कुणी पळून शेखी मिरवू नये. ऑलिंपिकचं पदक आणणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. रिओला २०१६ साली स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आलेली ललिता बाबर माणदेशातल्या मोहीची. पण हे सगळं मला नंतर आठवलं. तेव्हा कानात फक्त 'दादा' होतं.

समर्थ मंदिर मागे पडलं आणि घाट लागला. वर्षा ऋतू संपत आला होता, शरद अजून आला नव्हता. दोघांच्या हद्दीवरची ती सकाळ होती. एका वळणावर धुकं, पुढच्या वळणावर भुरभुर, त्यापुढच्या वळणावर मानेवर चटका देणारं भादव्याचं ऊन. डोंगराच्या कडेने सोनकी पिवळीधमक फुललेली आणि तिच्या पायाशी गुलाबी तेरडा. याच रस्त्याने पुढे कासचं पठार. ज्या वर्षी ही शर्यत सुरू झाली, त्याच वर्षी पश्चिम घाटाबरोबर त्यालाही जागतिक वारशाचा मान मिळाला. फुलांची नावं मी पळताना मनात घोकत होतो, कारण श्वासाकडे लक्ष गेलं की भीती वाटत होती. तेरड्याचा रंग तीन दिवस टिकतो म्हणतात. माझा घाटात तीन किलोमीटर टिकला.

चौथ्या किलोमीटरला अकरा वड्यांनी आपापसात सभा भरवली. अळूचं फदफदं अध्यक्षस्थानी होतं. मी पळणं सोडून भरभर चालू लागलो, मग नुसता चालू लागलो, मग हात मांड्यांवर टेकून चालू लागलो. खालच्या वळणावर चुलीसाठी फाटी घेऊन निघालेल्या दोन बायका थांबून बघत होत्या. एक म्हणाली, "काका, बसा की जरा. कुणी मागं लागलंय का?" गावात दादा, घाटात काका. चार किलोमीटरमध्ये माझं वीस वर्षांनी वय वाढलं होतं.

एवढ्यात शेजारून एक म्हातारा पुढे गेला. अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल, बंडीला क्रमांक टाचलेला आणि पायांत काही नाही. पासष्टीचा तरी असेल. पावलांचा आवाज नाही, श्वासाचा आवाज नाही. माझ्याकडे एकदा बघून त्याने विचारलं, "पुन्याचं का?"

"हो. कसं ओळखलंत?"

"बुटावरनं."

आणि तो धुक्यात गेला. दोराबजी टाटांनी काय पाहिलं असेल ते मला त्याच्या टाचांकडे बघताना कळलं. त्या टाचांना भेगा होत्या आणि त्या एका लयीत वर-खाली होत लांब लांब जात होत्या.

पुढच्या वळणावर, कठड्यावर, कावळा बसला होता. मला शपथेवर विचाराल तर तो कालचाच होता, असं मी सांगू शकत नाही. पण मान वाकडी करून बघायची पद्धत तीच. मी पाण्याच्या टेबलावरून घेतलेलं अर्धं केळं माझ्या हातात होतं. वड्यांच्या गर्दीत त्याला आत जागा नव्हती. ते मी कठड्यावर ठेवलं. त्याने एका क्षणात शिवलं. घरच्या वडीलधाऱ्यांसाठी दहा मिनिटं लावणारा हा प्राणी माझ्या बाबतीत एवढा तत्पर का, यावर मी उरलेला चढ विचार करत होतो. त्या विचारातच वर पोचलो.

वळणाचा टप्पा आला. परत फिरलो आणि समोर सगळा उतार. खाली सातारा, त्याच्या डोक्यावर अजिंक्यतारा, धुकं विरलेलं, ऊन कोवळं. माझ्या मनात आलं की आता काय, संपलंच. हातपाय सैल सोडले आणि जे सुटलो ते घरंगळलोच म्हणा. तरण्या पोरांना मागे टाकलं. घड्याळवाल्यांना मागे टाकलं. त्यांच्यापैकी एकजण ओरडला, "काका, हळू!" मी ते मत्सराच्या खात्यात टाकलं.

घाटात एसटी चालवणारा कुठलाही ड्रायव्हर सांगेल की ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. गाडी न्यूट्रलला टाकली की डिझेल वाचतं आणि बाकी काही वाचत नाही. माणसाच्या मांडीचंही तसंच आहे. चढताना पुढचा स्नायू आखडत काम करतो. दमतो, पण ते त्याचं रोजचं काम. उतरताना मात्र तो ताणला जात असतानाच त्याला अंगाचा भार अडवून धरायचा असतो. प्रत्येक पावलाला ब्रेक, आणि घाटात अशी हजारो पावलं. त्यात स्नायूच्या धाग्यांना बारीक बारीक इजा होत जाते. लबाडी अशी की तेव्हा कळत नाही. ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो, उधारीची वसुली करणाऱ्यासारखा, दारात उभा राहून. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या वेळी मला फक्त डाव्या अंगठ्यात काहीतरी टुचटुच जाणवत होतं. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं आणि प्रत्येक पावलाला नख पुढच्या भिंतीवर आपटतं. साडेअकरा हजारांची भिंत होती. पक्की बांधलेली होती.

घाट संपता संपता मांड्यांनी हात वर केले. आता सपाट रस्त्यावर पाय उचलायचा म्हणजे त्याला आधी नाव घेऊन हाक मारावी लागत होती. सकाळचाच तो पोरगा अजून तिथेच उभा होता. पुन्हा हात पुढे केला. "चला आजोबा, आलं जवळ!"

शेवटचे पावणेदोनशे मीटर मी इंग्लंडच्या राजघराण्याला मराठीत जे काही म्हणता येतं, ते म्हणत काढले. तीन तास सात मिनिटं. गळ्यात पदक पडलं. साडू तासाभरापूर्वीच पोचून, आंघोळ केल्यासारखा दिसत, कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. सोबत अनवाणी म्हातारा. दोघं जुने ओळखीचे निघाले. म्हाताऱ्याने माझ्या बुटांकडे बघून एक पेढा मला दिला आणि एक स्वतः खाल्ला. बोलला काही नाही.

सोमवारी मी बरा होतो. ऑफिसात पदक नेलं, टेबलावर ठेवलं, मग जरा पुढे सरकवून ठेवलं. मंगळवारी पहाटे वसुलीवाला आला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चढायला काही त्रास नव्हता; उतरायला पहिली पायरी घेतली आणि तोंडातून जो आवाज निघाला, त्याने दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दार उघडून बाहेर आल्या. चार-पाच प्रयोग केल्यावर असा शोध लागला की कठडा धरून उलटं, पाठमोरं उतरलं तर दुखत नाही. बुधवारी आणि गुरुवारी मी ऑफिसला असा गेलो. सोसायटीतली लहान पोरं रांगेने माझ्यामागे उलटी उतरत होती. हिने जिन्याच्या वरच्या टोकाला उभं राहून फोटो काढला आणि बहिणीला पाठवला. मोठा करून, मला वाटतं.

गुरुवारी संध्याकाळी आत्याचा फोन. हिने तिला आधीच सांगितलं होतं की हे पाय धरून बसलेत. आत्याचा आवाज काळजीचा. "कसं आहे रे आता? उतार पडला का?"

"उतारानेच पडलोय, आत्या."

"हं," ती म्हणाली, "पडेल. हळूहळू पडेल."

डाव्या अंगठ्याचं नख आधी लाल झालं, मग निळं, मग काळं, आणि तसंच राहिलं. दिवाळीला आत्याला आम्ही आमच्याकडे आणलं. नरकचतुर्दशीला पहाटे अंगणातल्या तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं ही आमच्या घराची कोकणातली रीत. पुण्यात अंगण नाही म्हणून आम्ही ती गॅलरीतल्या कुंडीपाशी पार पाडतो. उटणं लावलेलं, डोळ्यांवर झोप, मी नेहमीच्या जोरात अंगठा दाबला. कारीट फुटलं. त्याच्याबरोबर नखही निघालं.

"गेलं!" मी ओरडलो.

आतल्या खोलीतून आत्याने विचारलं, "कोण गेलं रे?"

नवं नख पूर्ण यायला वर्ष लागतं, असं डॉक्टर म्हणाले. साडूने पुढच्या सप्टेंबरचे पैसे भरलेत. परत मिळत नाहीत.